एक टिंब, चार उद्गारचिन्हं

खोट्या वस्तू आपसात फार गुण्यागोविंदाने राहतात. माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर तीन राउटर आहेत, दोन स्विच आहेत, त्यांना जोडणाऱ्या तारा आहेत आणि यातलं काहीही अस्तित्वात नाही. पत्ता दिला की घेतात, चालू हो म्हटलं की चालू होतात, हिरवा ठिपका दाखवून गप्प बसतात. मानपान नाही, रुसवाफुगवा नाही. तंटा सुरू होतो तो या खोट्या गोतावळ्यात एक खराखुरा कॉम्प्युटर आणून बसवायचा म्हटलं की.

हे सगळं चालतं भेस्तानात. मुंबईकडून सुरतेला येताना सचिननंतर आणि उधन्याच्या आधी हे स्टेशन लागतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथून अशा सुसाट जातात की पाटी वाचून होईपर्यंत माणूस उधन्यात पोचलेला असतो. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांना भेस्तान, पांडेसरा, डिंडोली, लिंबायत ही नावं पाठ असतात, कारण प्रत्येकाचा एक तरी चुलता, मावसा किंवा साडू तिथे राहतो. सुरत महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत, त्या उगाच नाहीत. भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, शाळेत मराठी आणि घराचं दार लावलं की अहिराणी, असा इथला रिवाज. म्हणजे चार प्रोटोकॉल तर भाचा जन्मतःच शिकला. पाचवा शिकायला त्याने क्लास लावला.

दाजी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. ताई घरी साड्यांचे धागे कापते. साड्यांचा गठ्ठा येतो, मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा परत. आणि मी रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशोब लिहिण्यात आयुष्य काढलेला माणूस. आमच्या घराण्यात नेटवर्क म्हणजे लग्न जमवताना उपयोगी पडणारी माणसं. तिथे या पोराने जाहीर केलं की तो सीसीएनए करणार. ही सिस्को कंपनीची परीक्षा. १९९८ पासून चालू आहे आणि पास झालं की नोकरी लागते असं क्लासच्या पाटीवर लिहिलेलं असतं. दाजींनी एकच प्रश्न विचारला, “पगार कव्हय सुरू व्हई?”

शिकायचं तर राउटर हवा. क्लासमध्ये राउटर होता, काचेच्या कपाटात. त्याला कुलूप होतं आणि किल्ली सरांकडे. मुलांनी काचेतून दर्शन घ्यायचं आणि वहीत कमांड लिहायच्या. घरच्या सरावासाठी सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. चांगलं आहे, पण ते स्वतःच्याच डबीत राहतं. त्यातल्या राउटरवर पायथॉनची खरी स्क्रिप्ट सोडायची म्हटली की त्याचं दुकान बंद. आणि हल्ली मुलाखतीत तेच विचारतात म्हणे. राउटरवर हाताने टाइप करणारे पुष्कळ, स्क्रिप्ट सोडून शंभर राउटर एकदम हलवणारा पाहिजे.

यावर उपाय फार पूर्वी निघालेला आहे. ख्रिस्तोफ फियो नावाच्या फ्रेंच माणसाने २००५ मध्ये डायनामिप्स हा प्रोग्राम लिहिला. सिस्कोच्या राउटरचं हार्डवेअर त्याने साध्या कॉम्प्युटरच्या पोटात उभं केलं आणि त्यावर सिस्कोचं अस्सल सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. पुढे जेरेमी ग्रॉसमनने त्यावर चित्रांचं आवरण चढवलं, ते जीएनएस-थ्री. राउटरचं चित्र ओढायचं, दुसऱ्याला तार जोडायची, बटण दाबायचं. आत जे धावतं ते नाटक नसतं. खऱ्या राउटरमध्ये असतं तेच सॉफ्टवेअर, फक्त त्याला सांगितलेलं नसतं की आपल्याला पेटी नाही. हे सॉफ्टवेअर सिस्कोच्या मालकीचं, तेव्हा ते रीतसर मिळवायचं असतं, एवढं सांगून मी या विषयावरून पुढे सरकतो. क्लासची सगळी मुलंही तिथून तशीच पुढे सरकतात.

भाच्याने उधन्याहून जुना कॉम्प्युटर आणला, त्यात तीन राउटर मांडले आणि चालू केले. पाच मिनिटांत कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडायला लागला की बाहेरच्या लूमच्या खटखटीवर त्याचा आवाज चढला. ताईने कात्री खाली ठेवली. “ना राउटर दिखस, ना वायर दिखस, मंग हाई डबडं इतलं का वरडस?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर असं की राउटरला काम नसलं की त्याचा प्रोसेसर नुसता एकाच जागी गोल गोल फिरत राहतो, “काही आलं का, काही आलं का” करत. खऱ्या राउटरमध्ये तो प्रोसेसर त्याचाच असतो, फिरू दे. पण इथे त्याचं सोंग वठवायला आपला कॉम्प्युटर राबतो आणि तो बिचारा ते रिकामं फिरणंसुद्धा शंभर टक्के जीव ओतून करतो. म्हणून ‘आयडल-पीसी’ नावाचा एक आकडा शोधून भरावा लागतो. राउटर रिकामा फिरतोय ती नेमकी जागा त्या आकड्याने कळते आणि तिथे आल्यावर जरा दम खायला परवानगी मिळते. आकडा भरला, पंखा शांत झाला. काहीही काम नसताना सर्वांत जास्त घाम गाळणारी माणसं मी मार्केटात पुष्कळ पाहिली होती, त्यांच्यासाठी असा आकडा असतो हे मात्र नवीन कळलं.

आता मुख्य प्रश्न. राउटर खोटे, कॉम्प्युटर खरा, स्क्रिप्ट कॉम्प्युटरवर. मधलं दार कुठे? जीएनएस-थ्रीमध्ये त्यासाठी ढगाचं एक चित्र असतं, त्याला क्लाऊड म्हणतात. त्याची एक बाजू खोट्या तारेला आणि दुसरी खऱ्या नेटवर्क कार्डाला. ताईला हे समजावणं भाच्याला जमेना तेव्हा मी नवापूर सांगितलं. उधना–जळगाव मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, त्याच्या मधोमध राज्यांची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, सूचना चार भाषांत. १९६० साली दोन राज्यं वेगळी झाली, बाक जागचा हलला नाही. तुमचा क्लाऊड म्हणजे तो बाक. खोट्यातून आलेलं पॅकेट एका टोकाला बसतं, सरकत सरकत खऱ्यात उतरतं. ताई म्हणाली, “मंग गाडी कथी अटकनी?” गाडी कुठे अडकली, हे तिने बरोबर विचारलं.

गाडी अडकली नव्हती. उलट ती नको तितकी जोरात गेली होती.

भाच्याने क्लाऊडची दुसरी बाजू खऱ्या लॅन कार्डाला बांधली. ती तार भिंतीवरून जाऊन घरच्या वायफायच्या डब्याला लागलेली. त्याच डब्याचं नेट वरच्या मजल्यावरचं कुटुंबही वापरतं आणि बिल अर्धं अर्धं वाटून घेतात. क्लासच्या वहीत पहिल्या राउटरचा पत्ता नेहमी १९२.१६८.१.१ असतो. सगळ्या वह्यांत असतो. कारण १९९६ मध्ये इंटरनेटच्या कारभाऱ्यांनी काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. कोणीही वापरा, विचारायला येऊ नका. आणि साऱ्या जगाने, घरगुती डब्यांच्या कितीतरी कंपन्यांनीसुद्धा, त्यातला हाच पत्ता उचलला. घरच्या खऱ्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ च होता.

मग काय झालं ते समजायला एआरपी समजावं लागतं. कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा हे नेटवर्कमध्ये कोणाला माहीत नसतं. गरज पडली की यंत्र सगळ्यांना ओरडून विचारतं, “१९२.१६८.१.१ कोण?” जो “मी” म्हणेल तोच तो. डेव्हिड प्लमरने १९८२ मध्ये ही पद्धत लिहून ठेवली आणि आजही ती चालू आहे. आधार कार्ड नाही, साक्षीदार नाही, तलाठ्याचा दाखला नाही. त्यातून सिस्कोचा राउटर तार जोडताच कोणी न विचारता स्वतःहून ललकारी देतो, “१९२.१६८.१.१ मी आहे, लिहून घ्या.” सगळ्यांनी लिहून घेतलं. वरच्या मजल्याच्या टीव्हीनेही लिहून घेतलं आणि आपली सगळी पॅकेटं इमानदारीने एका अशा राउटरकडे पाठवायला सुरुवात केली जो अस्तित्वात नव्हता, आणि ज्याला इंटरनेटचा रस्ता ठाऊक नव्हता.

वरून पहिल्यांदा पायांचा आवाज आला, मग माणूस आला. “नेट नथी आवतुं?” केबलवाल्याला फोन लागला. त्याने या व्यवसायातला मूळ मंत्र हिंदीत सांगितला, “बंद करके चालू करो.” बंद करून चालू केलं. मूळ डबा जागा झाला तोवर खोट्याने गादी सांभाळली होतीच, आता दोघेही “मी, मी” करायला लागले. नेट दोन मिनिटं येई आणि तीन मिनिटं जाई. केबलवाला संध्याकाळी स्वतः आला, तार ओढून पाहिली, डब्याला दोन चापट्या मारल्या, “लाइनमां प्रॉब्लेम छे,” म्हणाला. भाचा त्या वेळी पलंगावर बसून कॉम्प्युटर बंद करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निरागस भाव होता की मला तेव्हाच संशय आला. कॉम्प्युटर बंद झाला, नेट आलं. केबलवाल्याने आपल्या चापट्यांकडे समाधानाने पाहिलं. त्या दिवसापासून घरच्या डब्याला हात लावायची भाच्याला बंदी आहे.

या प्रकरणातली सर्वांत मजेची गोष्ट निराळीच. तो खोटा राउटर वरच्या मजल्यापर्यंत पोचला, टीव्हीपर्यंत पोचला, पण ज्या कॉम्प्युटरच्या पोटात तो राहत होता त्या कॉम्प्युटरला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. विंडोजवर बहुधा असंच होतं. खोट्या राउटरचं पॅकेट लॅन कार्डातून थेट बाहेरच्या तारेवर सोडलं जातं. कॉम्प्युटर स्वतः ते पाहतच नाही. सगळ्या गल्लीशी गप्पा आणि घरमालकाशी बोलणं बंद. आणि भाच्याला तर नेमकं घरमालकाशीच बोलायचं होतं.

त्यावर तोडगा आहे आणि तो या सबंध विषयातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. विंडोजमध्ये एक नसलेलं नेटवर्क कार्ड बसवता येतं. नवीन हार्डवेअर जोडायच्या विझार्डमध्ये जायचं, यादीतून स्वतः निवडतो म्हणायचं, कंपनी मायक्रोसॉफ्ट, मॉडेल केएम-टेस्ट लूपबॅक अ‍ॅडॉप्टर. विझार्ड अतिशय गंभीरपणे सांगतो की हार्डवेअर बसवायला तयार आहे. कोणतं हार्डवेअर? टेबलावर काही नाही, पेटीत काही नाही. ‘पुढे, पुढे, पुढे, समाप्त’ केलं की नसलेलं कार्ड बसतं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून एक कायमचा नंबर मिळतो. याला कारखाना नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने घरच्या घरी दिला: ०२-००-४सी-४एफ-४एफ-५०. शेवटच्या चार जोड्या संगणकाच्या अक्षरतक्त्यात पाहिल्या तर एल, ओ, ओ, पी ही अक्षरं निघतात. म्हणजे ज्याने कोणी ते लिहिलं त्याला गंमत करायची होती, आणि ती कोणाच्या लक्षात येईल अशी त्याची अपेक्षा नसावी. दाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “कार्डचे पैसे किती?” फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास उडाला.

कार्ड बसलं की कॉम्प्युटर एकदा बंद-चालू करावा, नाहीतर जीएनएस-थ्रीला ते दिसत नाही. केबलवाल्याचा मंत्र इथे मात्र खरोखर लागू पडतो, हे न्यायासाठी नमूद करतो. त्यानंतर कार्डाला हाताने पत्ता द्यायचा. विसरलात तर कार्ड थोडा वेळ कोणीतरी पत्ता देईल म्हणून वाट पाहतं आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. तो दिसला की समजावं, पोराला कोणी वाली नाही. भाच्याने कार्डाला १९२.१६८.५०.२ दिला, राउटरला १९२.१६८.५०.१. पन्नास अशासाठी की वरच्या मजल्याचा राग अजून निवळला नव्हता.

आणि मग पिंग.

पिंग म्हणजे “आहेस का?” असं विचारणं, आणि समोरच्याने “आहे” म्हणणं. याहून जास्त त्यात काही नाही. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतल्या माइक म्यूसने डिसेंबर १९८३ मध्ये ते एका रात्रीत लिहिलं, कारण त्याच्या नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडलं होतं आणि काय ते कळत नव्हतं. म्यूसने ऐकलेला एक किस्सा त्याने लिहून ठेवला आहे. एका नेटवर्कवाल्याची तार अधूनमधून तुटत होती. त्याने पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरने मोठ्याने “पिंग” म्हणावं अशी सोय केली, तो आवाज ऑफिसच्या स्टिरिओला जोडला, आवाज सोसवेल तितका वाढवला आणि इमारतभर तारा हलवत फिरला. जिथे ओरडणं थांबलं तिथे दोष. केबलवाल्याच्या चापटीचं हे शास्त्रशुद्ध रूप.

भाच्याने कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग केलं. उत्तर आलं. चारही वेळा. घरात आनंद. मग राउटरच्या काळ्या खिडकीत जाऊन उलट, राउटरवरून कॉम्प्युटरला पिंग केलं. पाच टिंबं. सिस्कोच्या राउटरवर पिंग यशस्वी झालं की उद्गारचिन्ह उमटतं, फसलं की टिंब. पाच टिंबं म्हणजे पाचही वेळा सुतक.

आता विचार करा. कॉम्प्युटर विचारतो तेव्हा राउटर उत्तर देतो, आणि ते उत्तर कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. म्हणजे रस्ता जाता-येता दोन्हीकडून उघडा आहे. तरी राउटरने विचारलं की कॉम्प्युटर गप्प. भाच्याने तार काढली, लावली. तार खोटी होती, तरी काढली, लावली. राउटर पुसून नवा ओढला. खोट्याची चूक धरायची सवय आपल्याला असतेच. चूक खऱ्याची होती. विंडोजची फायरवॉल अनोळखी नेटवर्कवरून आलेल्या पिंगला उत्तरच देऊ देत नाही. नव्या कार्डाचं नेटवर्क तिला अनोळखी वाटलं, मग तिने त्याला सार्वजनिक ठिकाण मानलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्याची चौकशी करायची आणि आपली कोणी केली की घरात नाही असं सांगायचं, अशी एक मावशी आमच्या नात्यात आहे, म्हणून मला हे लगेच पटलं. ही परवानगी जिथे द्यायची त्या नियमाचं नाव फाइल आणि प्रिंटर शेअरिंगच्या खात्यात सापडतं. घरात प्रिंटर नाही. घरात प्रिंटर कधीच नव्हता. तरी प्रिंटरच्या खिडकीतून पिंगला आत घ्यावं लागतं.

नियम उघडला. पुन्हा पिंग. यावेळी एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं उमटली. यशाचं प्रमाण ८० टक्के, असं राउटरने खाली लिहिलं.

पोराचा चेहरा पडला. क्लासमध्ये ८० टक्केवाल्याला जे वाटतं ते त्याला वाटलं असावं. परत केलं, पाचही उद्गारचिन्हं. मग ते पहिलं टिंब का? कारण तेच एआरपी. पहिलं पॅकेट पाठवायचं तर समोरच्याचा नंबर माहीत नाही. राउटर आधी ओरडून विचारतो, उत्तर येईपर्यंत त्या पहिल्या पॅकेटचा जीव जातो. पुढच्या चारांचं सगळं सुरळीत. नेटवर्कवाल्यांच्या जगात हे पहिलं टिंब इतकं नेहमीचं आहे की जाणकार माणूस त्याकडे पाहतसुद्धा नाही. नवशिका मात्र रात्रभर ते टिंब हुडकत बसतो. ताईने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने सांगितलं, ऐंशी टक्के झालंय. ती म्हणाली, “भाकर बी ऐंशी टक्केच उरी राह्यनी, जेवाले चाल.”

विंडोजचं स्वतःचं पिंग याच्या उलट, फार आशावादी. समोरचं यंत्र मेलेलं असलं तर आपलाच कॉम्प्युटर आपल्याच पत्त्यावरून आपल्यालाच कळवतो की तिथे पोचता येत नाही. आणि खाली हिशोब मांडताना ते आलेलं उत्तर म्हणून मोजतो. पाठवले ४, मिळाले ४, हरवले ०, नुकसान ० टक्के. मी हिशोबाच्या धंद्यात आयुष्य काढलं, पण बुडालेल्या उधारीची नोंद ‘वसूल’ म्हणून करणारा हिशोबनीस पाहिला नव्हता. अशा नोंदीवर भाचा खुशीत झोपायला गेला होता. सकाळी मी त्याला हिशोबाच्या वरच्या ओळी वाचायला लावल्या.

पहिला राउटर हाती आला तरी दुसरा येईना. पहिल्यापलीकडे १०.०.०.२ वर दुसरा बसलेला, पण कॉम्प्युटरवरून त्याला विचारलं की काहीच नाही. याचं कारण भेस्तानच्या माणसाला शिकवावं लागत नाही. इथून गावी जायचं तर दारातल्या स्टेशनवर येईल त्या गाडीत बसून चालत नाही. ती बहुधा मुंबईला नेईल नाहीतर अहमदाबादला. नंदुरबार, अमळनेरची लाइन उधन्याला फुटते, बहुतेक वेळा आधी तिथे पोचावं लागतं. कॉम्प्युटरला हे माहीत नसतं. ज्या पत्त्याचा रस्ता ठाऊक नाही तो सगळा माल तो डोळे मिटून इंटरनेटच्या मेन लाइनला लावतो. १०.०.०.२ ला निघालेलं पॅकेट घरच्या डब्यातून बाहेर पडून नेटच्या कंपनीच्या दारात जाऊन नाहीसं होत होतं. त्याला हाताने सांगावं लागतं की १०.०.०.० कडचा माल १९२.१६८.५०.१ वरून जाईल. म्हणजे तुझा उधना तो.

सांगितलं. तरी उत्तर नाही. कारण दुसऱ्या राउटरला परतीचा रस्ता कोणी सांगितला नव्हता. पॅकेट तिथे पोचत होतं, तो “आहे” म्हणायला तयार होता, पण ते कुठल्या बाजूला म्हणायचं हे त्याला कळत नव्हतं. नेटवर्क शिकणारा प्रत्येक मुलगा जाण्याचा रस्ता लिहितो आणि येण्याचा विसरतो. आमच्या गावाहून सुरतेला आलेल्या पिढीचंही तसंच झालं, पण तो विषय वेगळा.

रस्ते लागले. खऱ्या कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट तीनही खोट्या राउटरांवर जाऊन त्यांची नावं बदलून आली. मुलाखतीपुरतं एवढं बस होतं. पण हात शिवशिवत असले की माणूस थांबत नाही. त्याने फोनचं नेट यूएसबीने कॉम्प्युटरला दिलं, कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टाला जुना लॅपटॉप लावला आणि मधे तीन खोटे राउटर ठेवले. लॅपटॉपवर दाजी आयपीएल पाहत होते. म्हणजे दाजींचा सामना हवेतून फोनमध्ये, फोनमधून कॉम्प्युटरमध्ये, तिथून तीन नसलेल्या राउटरांमधून, दोन नसलेल्या स्विचांमधून फिरून त्यांच्यापर्यंत येत होता. आणि येत होता! फक्त खोटा राउटर खऱ्याच्या मानाने फार हळू. जिथे खरा राउटर लाखो पॅकेटं सेकंदाला ढकलतो तिथे हा घाम पुसत चालतो. गोलंदाजाने धाव घेतली की चित्र थांबे, चाक फिरे, आणि चेंडू टाकला जाण्याआधी वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येई. वरच्यांचं नेट थेट होतं. दाजींना प्रत्येक विकेट छतातून आधी कळत होती.

“तुझं काय बिघडलंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. तीनही राउटर चालू आहेत.”

“कोठे शेत?”

भाच्याने पडद्यावरची तीन निळी चित्रं दाखवली. दाजींनी ती पाहिली, मग लॅपटॉपची तार काढून स्वतःच्या फोनवर सामना लावला.

तुमच्या घरी असा मुलगा असेल तर त्याला एवढंच सांगा. नसलेलं कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर एकदा बंद-चालू कर. पिंग एका बाजूने चाललं आणि दुसऱ्या बाजूने अडलं तर खोट्या राउटरला पुसू नको, आधी खऱ्या कॉम्प्युटरची फायरवॉल पाहा. परतीचा रस्ता लिही. वायफायच्या कार्डाला क्लाऊड बांधायच्या भानगडीत पडू नको, कारण डबा फक्त ओळखीच्या कार्डाचं ऐकतो आणि खोट्या राउटरचं पॅकेट दारातच टाकून देतो. पहिल्या टिंबासाठी जागरण करू नको. आणि लॅबमध्ये काहीही पत्ता दे, १९२.१६८.१.१ देऊ नको. वरच्या मजल्यावर माणसं राहतात.